वळिवड्याच्या मातीतला नकाशा

कोल्हापूरजवळ वळिवड्यात महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. तिथल्या शाळेत शिकलेल्या एक पोलिश आजी परवा आल्या होत्या आणि मी दुभाषी म्हणून सोबत होतो. शाळेच्या जागी आता ऊस होता. आजी बांधावर बसल्या आणि काटकीनं मातीत रेघा ओढू लागल्या.

"काय काढतायसा?" शेजारी उसातलं तण काढत भांगलणाऱ्या मावशींनी विचारलं.

"आमचा देश. पुस्तकं कमी होती, म्हणून बाई असाच जमिनीवर काढून शिकवायच्या."

"आन् तुमचं गाव कुठं हाय?"

आजींनी उजव्या कडेला बोट टेकवलं. युद्धानंतर सीमा सरकली आणि तो मुलूख दुसऱ्या देशात गेला, हे मी वाचलं होतं.

"आता नकाशा बदललाय ना?" मी हळूच विचारलं.

"हो, नवा मला पाठ आहे. पण बाईंनी तो पाहिलाच नाही. त्या इथंच वारल्या."

घरदार, देश सगळं गेल्यावरही या माणसांनी आधी शाळा भरवली, याचं मला नवल वाटत राहिलं. मावशी कामाला उठल्या आणि रेघांवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेल्या.