आवाज आला की नळी पोटात

अमरावतीत नर्सिंगच्या मुलींना मी वर्षानुवर्षं नाकातली नळी शिकवली. ज्याला गिळता येत नाही, त्याच्या नाकातून पोटापर्यंत ही नळी घालतात आणि वरणाचं पाणी, दूध, औषध सगळं तिच्यातून देतात. नळी चुकून फुफ्फुसात गेली तर अन्नही तिकडेच जातं, म्हणून प्रत्येक वेळी आधी तपासायचं. सिरिंजने नळीत थोडी हवा मारायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि गुडगुड ऐकायची. आवाज आला की नळी पोटात. हे वाक्य मी वर्गाकडून एका सुरात म्हणून घ्यायची. बाकी सगळं विसरल्या तरी मुली एवढं विसरत नसत, आणि मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की हा आवाज फसवतो. नळी फुफ्फुसात असली तरी पोटावर तसाच आवाज येऊ शकतो. नळीतून थोडं पाणी ओढून ते पोटातल्यासारखं आंबट आहे का हे कागदाच्या पट्टीवर बघायचं, आणि शंका असेल तर सरळ एक्स-रे काढायचा. परत आल्यावर नव्या बॅचला मी हे शिकवलं. जुन्या मुलींना कळवलं नाही. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर रोज सकाळी फुलं यायची. एक मेसेज टाकायला असा कितीसा वेळ लागला असता? पण आपणच शिकवलेलं सगळ्यांदेखत आपणच खोडायचं, हे माझ्या जिवावर आलं.

त्याच हिवाळ्यात बाबांना लकवा झाला. ते अकोल्याला, जुन्या शहरात भावाकडे राहायचे. जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेला माणूस आता नळीवर होता. दिवसा त्यांच्याजवळ थांबायला माझीच जुनी विद्यार्थिनी यायची, पातूरची. हात हलका, बोलणं रोखठोक. ती त्यांना आबाजी म्हणायची. तिने सिरिंज उचलली की बाबा सवयीने तोंड उघडायचे. ते बघवत नसे, म्हणून मी तेव्हा खिडकीबाहेर बघायची.

एका रविवारी मी तिथेच बसले होते. खोकल्याच्या उबळीत बाबांची नळी बरीच बाहेर आली. तिने ती पुन्हा आत सरकवली, चिकटपट्टी लावली, हवा मारली आणि कान देऊन ऐकलं.

"आवाज आला, मॅडम," ती म्हणाली आणि वर्गात बघायची तशी माझ्याकडे बघू लागली.

आंबटपणा बघायच्या पट्ट्या अमरावतीला माझ्या कपाटात होत्या. एक्स-रेसाठी बाबांना त्या अरुंद जिन्यावरून उचलून खाली न्यावं लागलं असतं. मला कंटाळा आला, हेच खरं. मी मान हलवली. तिने वरणाचं पाणी सोडलं. बाबा थोडे खोकले, पण ते नेहमीच खोकायचे.

दुसऱ्या दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि आठवडाभरात बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, लकव्याच्या पेशंटला न्यूमोनिया असाही होतो, नळीमुळेच झाला असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. रडू आलं नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला ती आली. पंगत उठल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, माहं काही चुकलं का?"

"नाही गं," मी म्हणाले, आणि तिच्या हातात जेवणाचं ताट दिलं. तिचं चुकलं नव्हतंच. पण कोणाचं चुकलं, ते मी गिळलं.

काही महिन्यांनी वहिनी फोनवर सहज बोलून गेली की त्या पोरीने नर्सिंग सोडलं. नळी दिसली की तिचे हात थरथरतात म्हणे. आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कपड्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. मी फोन ठेवला, जेवले, भांडी घासली. पण दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळेला कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे आवाजावर भरोसा ठेवाचा नव्हता?"

"नाही."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"त्या रविवारी बी?"

"हो."

"म्या तुमच्याकडं पाह्यलं होतं, मॅडम. तुमी मान हलवली. म्या घरी किती डाव हिशेब लावला का माहं कुठं चुकलं."

मी माफी मागितली. तो शब्द तिने ऐकला की नाही, कोण जाणे. तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बाकीच्या पोरींले सांगतलं का?"

"अजून नाही."

"मंग कोणाची वाट पाहून राहिल्या? त्या आजबी आवाजच आयकून राहिल्या असतीन."

मी तिथेच, गेटसमोर उभ्याउभ्या ग्रुपवर लिहिलं: आवाज आला की नळी पोटात, हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. त्याखाली पट्टीचं लिहिलं, एक्स-रेचं लिहिलं आणि पाठवलं. तिचा फोन वाजला. ती अजून त्या ग्रुपवर होती. तिने मेसेज अगदी सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"आबाजीचं नाही लिवलं तुमी," ती म्हणाली.

मी फोन पुन्हा उघडला. बाबा, हा शब्द आधी लिहिला, आणि मग त्या रविवारी मी मान हलवली होती, तेही लिहिलं.