चिंचेच्या फांदीचा दोर

उचगावातल्या त्या चिंचेची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत त्याहून मोठे गुन्हे पाहिले, पण कुणी 'एखादी केस सांगा की' म्हटलं, की तोंडी हीच येते.

वर्दी सकाळीच आली. दोन घरांच्या मधलं जुनं चिंचेचं झाड तोडताना मोठी फांदी कोसळून एक माणूस जागीच गेला होता. मी तेव्हा ठाण्यात उपनिरीक्षक होते. आम्ही पोचलो, तर फांदी तोडणारा गडी बुंध्याला टेकून बसलेला. मेलेला माणूस त्याचा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा.

या लोकांच्या कामाची रीत मला तिथंच कळली. मोकळ्या शिवारात फांदी कापून सरळ खाली सोडतात, त्यात काही वावगं नाही. पण झाड घरांच्या मधे असलं, की वरच्या बेचक्यातून दोर घेऊन फांदीला बांधायचा, दुसरं टोक बुंध्याला वेढे देऊन खाली एकानं धरायचं आणि फांदी कापली की दोर सैल करत करत ती हळू उतरवायची. दोर धरायला घरचाच माणूस घेतात, दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. दाजीनं खालून 'येऊ दे' म्हटल्याशिवाय हा वर कापायचं मशीन चालवत नसे.

झाड तोडायचं काम घेतलेला ठेकेदार म्हणाला, गाठ सुटली. गड्यानंही तेच सांगितलं, गाठ माझी होती, माझंच चुकलं. ठेकेदारानं पुढं केलेला दोर आम्ही जप्त केला. ठाण्यात सगळ्यांचं म्हणणं पडलं, की स्वतःच कबूल करतोय, निष्काळजीपणाचा गुन्हा लावा आणि मोकळे व्हा. त्याची बहीण बाहेर बाकावर बसून होती. भावाकडे बघतसुद्धा नव्हती. मी जवळ गेले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बाईसाहेब, माझा संसार माझ्याच भावानं मोडला व्हय?"

त्या बाईला खरं उत्तर दिल्याशिवाय ही फाईल बंद करायची नाही, हे मी तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चिंचेशेजारच्या घरातल्या एक आजी आपण होऊन ठाण्यात आल्या. फांदी पडली तेव्हा त्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. ठाणे अंमलदारानं तक्रार काय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तक्रार न्हाय बाबा. पण गाठ सुटली म्हणताय ती कसली? दोर तर फांदी पडायच्या आधीच गुंडाळून ठेकेदाराच्या टेम्पोत टाकल्याला, मी बघितलाय की." एवढ्या लांबचं आजींना दिसतं का, असं एक हवालदार हसत म्हणाला. आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय, तेबी दिसतंय." हवालदारानं हात पोटावर धरला आणि मी जबाब लिहायला घेतला.

एका साक्षीवर भागत नाही. पंच घेऊन पुन्हा चिंचेपाशी गेले आणि अग्निशमनच्या जवानाला शिडीनं वर चढवलं. आधी उतरवलेल्या फांद्यांच्या वरच्या बेचक्यांत साल घासून गुळगुळीत झालेली होती. भाराचा दोर सरकला की खूण उरते. ज्या फांदीनं माणूस मारला, तिच्या वरच्या बेचक्यात मात्र शेवाळसुद्धा जागचं हललेलं नव्हतं. फांदीवरही दोराचा वळ नव्हता. गाठ सुटली असती, तरी सुटण्याआधी भार दोरावर आलाच असता. मी फोटो काढून घेतले, पंचनामा केला.

ठेकेदाराला बोलावून चहा पाजला. आवाज चढवला, की माणूस सावध होतो, हा माझा अनुभव. झाडाचा फोटो पुढं ठेवून दोर कुठून घेतला होता ते दाखवायला सांगितलं. त्यानं बरोबर त्या शेवाळाच्या बेचक्यावर बोट ठेवलं. मग मी त्याच बेचक्याचा जवळून काढलेला फोटो ठेवला. त्यानं तो फोटो बाजूला सारला आणि एकच पालुपद लावलं, तोडणारा काय म्हणतोय ते ऐका.

तोडणाऱ्यालाही फोटो दाखवले. तो मान खाली घालून गाठ सुटली, गाठ सुटली, म्हणत राहिला. शेवटी मी त्याच्या बहिणीला आत घेतलं. ती समोर बसली आणि म्हणाली, "माझ्याकडं बघून सांग. गाठ तू मारलीस?"

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "गाठच न्हवती गं अक्का. दोर टेम्पोत हुता."

मग सगळं बाहेर आलं. पुढचं काम लांब गारगोटीला होतं, निघायची घाई होती, म्हणून ठेकेदारानं दोर आधीच गुंडाळायला लावला आणि राहिलेली एक फांदी तशीच सोडायला सांगितली. दोर हातात असता तर दाजी बुंध्यामागं ठरल्या जागी उभा राहिला असता. हात मोकळे होते, म्हणून तो फांदीखाली पडलेल्या डहाळ्या ओढायला गेला. 'येऊ दे' ही हाक दिली ठेकेदारानं. पुढं त्यानंच पढवलं, की दोर नव्हता हे कळलं तर आपण दोघंही आत जाऊ आणि तुझ्या अक्काला बघायला कोणी उरणार नाही. गाठ सुटली म्हण, तुला सोडवायचं मी बघतो.

"हाक दाजीची न्हाय, ते मला कळालं हुतं," तो म्हणाला. "तरी मशीन चालवलं मी."

बहिणीनं पदरानं तोंड पुसलं. "हे पयल्या दिवशीच सांगायचं हुतंस," ती म्हणाली. "दोघं मिळून रडलो असतो."

गुन्हा दोघांवर दाखल केला, ठेकेदाराचं नाव पहिलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, तिथं उपयोगी पडली ती चिंचेची साल आणि आजींची साक्ष. तारखेला बहीण भावाबरोबरच यायची.

दुसऱ्याला वाचवायला माणूस खोटी कबुली देतो, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकले होते. पण खरी चूक तोंडातून निघत नाही, म्हणूनही माणूस दुसरी एखादी चूक अंगावर घेतो, हे मला त्या गड्यानं शिकवलं. सुटलेल्या गाठीचा दोष त्याला सोसवत होता. ती हाक ओळखूनही हात थांबला नाही, हे सोसवत नव्हतं. त्यानंतर कोणी पटकन गुन्हा कबूल केला, की मी पेन खाली ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागायचे.