अध्यक्षांच्या घरचे बुधवार

आमच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते, त्यांच्या घराचं आता स्मारक केलंय. खाट, चष्मा, काठी, सगळं जिथल्या तिथे ठेवलंय म्हणे. गेल्या रविवारी आईला घेऊन सरावलीहून रिक्षाने गेले. हट्ट तिचाच. पंच्याहत्तरी उलटली तरी नवी साडी काय, अंबाड्यावर अबोलीचा गजरा काय, कोणी म्हणेल लग्नाला निघाली बाई.

तर आई मासळी विकायची. डोक्यावर पाटी आणि मागे दहा वर्षांची मी. अध्यक्षांनी स्वतः मासळी सोडलेली, वर अख्ख्या घराला सोडायला लावलेली. त्यांच्या बायकोचं माहेर खाडीकाठचं. बिचारीचा जीव बोंबलात अडकलेला. म्हणून दर बुधवारी अध्यक्ष मीटिंगला पालघरला गेले, की आई विहिरीकडच्या दाराने जायची. बाई परसातच स्टो पेटवायच्या, तिथेच तळायच्या, आणि पहिला तुकडा माझ्या हातावर. मग दोघी पायरीवर बसून पोट धरधरून हसायच्या. कोणाला सांगू नकोस, एवढंच बाई म्हणायच्या. आईने शेजारणीलासुद्धा सांगितलं नाही. कोणाच्या चुलीवर काय शिजतं ते मासळीवालीने बोलायचं नसतं, ही आमच्याकडची रीत.

बाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आईला त्यांचा फोटो बघायचा होता. बाकी त्या काठीचं नि चष्म्याचं तिला काय पडलंय?

पुढच्या दाराने आम्ही पहिल्यांदाच आत शिरलो. आईने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. माहिती सांगायला एक तरतरीत मुलगी होती, आणि आमच्यासारखेच दहा-बाराजण. भिंतीवर अध्यक्ष फीत कापताना, हार घालून घेताना, झाड लावताना. अहो, त्यांच्या छत्रीलासुद्धा काचेचं कपाट. बाईंचा मात्र एकही फोटो नाही. आईने विचारलं तर मुलगी म्हणाली, त्या घरीच असायच्या, त्यांची फारशी माहिती मिळत नाही. आईचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही स्वयंपाकघरात आलो. तिथे मुलगी मोठ्या अभिमानाने म्हणाली, "या घरात मासळीचा वासही कधी आला नाही. कोळणींना तर फाटकाच्या आत यायला मनाई होती."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई इतकी वर्षं ज्या पायरीवर बसली, ती पायरी खिडकीतून समोर दिसत होती. मी तोंड उघडलं आणि आईने दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं. तिने मला बाजूला ओढलं.

"मग ऐकून घ्यायचं का?" मी विचारलं.

"बाईला शब्द दिलाय," आई म्हणाली. "ती नाय, पण मी हाय ना अजून."

बाहेर ओटीवर अभिप्रायाची वही होती. मी तावातावाने पेन उचललं. आता पानभर लिहायचं, बोंबील, स्टो, बुधवार, सगळं. आईने माझं मनगट धरलं आणि हळूच सांगितलं, फक्त एवढंच लिही, की घर छान ठेवलंय, पण घरच्या बाईचा फोटो नाय, तो लावा. मी तेवढंच लिहिलं. खाली तिने वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली.

मुलीने वाकून वाचलं. तिला खरंच बरं वाटलं असावं. तिने कौतुकाने विचारलं, "आजी, तुम्ही ओळखत होता का बाईंना?"

आईने पदर सारखा केला.

"मी कशी वळखणार, पोरी? कोळणींना आत येऊ देत नव्हते ना."