घरात प्लस टू आहे

गेल्या महिन्यात एका दुपारी मोठ्या दिरांचा फोन आला. मी ऑफिसात होते, शेजारी प्रिंटर खडखडत होता, आणि भाऊजी इतकं हळू बोलले की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. "सुभद्रा गेली," ते म्हणाले. मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?"... मग त्यांच्या गप्प राहण्यातून कळलं. सुभद्रा म्हणजे माझी मोठी जाऊ, सुभद्राअक्का. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, मेडिकल कॉलेज रस्त्यावर माझं. ऑटोत बसल्यावर मला रडू यायच्या आधी राग आला, तो भाऊजींच्या आवाजाचा. घरातलं माणूस गेलं तरी हे आपले हळूच बोलतात! पण त्या घरात कितीतरी वर्षं सगळेच तसं बोलत होते. आणि एके काळी गल्लीतलं सगळ्यात गलबल्याचं घर तेच होतं, निव्वळ अक्कामुळे.

मी सांगलीची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं होतं, सासरी मराठीच बोलतात, काय अडणार आहे? पहिल्याच दिवशी अडलं. मराठे राजांच्या काळी इथं आलेल्या आमच्या घरांतली मराठी वेगळी. शब्द आपल्या पणजीच्या तोंडचे, हेल तमिळ, आणि मधूनमधून भांड्याकुंड्यांची, खाण्यापिण्याची नावंही तमिळ. मी गोंधळून नुसती बघत राहायचे. अक्कानं त्यावर स्वतःपुरता उपाय काढला. मला कळलं नाही की तेच वाक्य ती दुप्पट मोठ्यानं म्हणायची. "कॉफी पिणार कीं नाहीं, सांग ग!" हे तिनं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरच्या घरातल्या आजी खिडकीत आल्या होत्या. भाजीवाली पुढच्या गल्लीत गेली असली तरी अक्का स्वयंपाकघरातून तिला परत बोलवायची. ती हसली की ओट्यावर झोपलेलं मांजर उठून दुसरीकडे जायचं. भाऊजी ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत होते, सकाळची बस धरायचे, आणि "डबाऽ" ही हाक त्यांना वळणावर गाठायची. ते मुकाट्यानं मागे यायचे. सगळी गल्ली हसायची, अक्का सगळ्यांत जास्त.

संध्याकाळची तिची हाक तर सार्वजनिकच होती. राजवाड्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळायची. दिवेलागणीला अक्का गच्चीवर चढायची आणि "रघूऽऽ, घराला ये रे" असं एकदाच म्हणायची. रघू हा तिचा एकुलता एक मुलगा. पण त्या हाकेला रघूबरोबर झाडून सगळी पोरं घरी जायची. बाकीच्या आयांनी आपापल्या मुलांना हाक मारणं कधीच सोडून दिलं होतं. एकदा अक्का माहेरी गेली होती, तर पोरं अंधार पडला तरी खेळत होती आणि आया घड्याळाकडे बघत चिडत होत्या.

मग रघू दहावी झाला. मार्क चांगले पडले, फर्स्ट ग्रुप, म्हणजे गणित-सायन्स, मिळाला. अकरावी-बारावीला इथं प्लस टू म्हणतात, आणि प्लस टू ही नुसती इयत्ता नाही. ज्या घरात मूल प्लस टूला आहे त्या घराकडून कुणी कसलीही अपेक्षा ठेवत नाही. लग्नाला एकटेच आलात? घरात प्लस टू आहे. सत्यनारायण नाही केला? प्लस टू आहे. पुढचं विचारायचं नसतं. भाऊजींनी केबल तोडून टाकली. दाराची घंटा काढली, तिथं दोन वायरी लोंबत राहिल्या. रघूचा मृदंगाचा क्लास बंद, क्रिकेट बंद. पहाटे भाऊजी त्याला स्कूटरवरून फिजिक्सच्या ट्यूशनला सोडायचे, तिथून शाळा, शाळेतून केमिस्ट्री, एक दिवसाआड गणित. अक्का फ्लास्क भरून द्यायची, दोन डबे द्यायची, आणि संध्याकाळचा तिसरा डबा घेऊन टाऊन बसनं स्वतः ट्यूशनच्या दाराशी उभी राहायची. मुलगा रस्त्यातच उभ्याउभ्या चार घास खाऊन परत आत. मिक्सर लावायचा तो रघू घराबाहेर असताना. नवरात्रात बाहुल्यांची आरास दरवर्षी सात पायऱ्यांची असायची, ती त्या वर्षी तीनच पायऱ्यांवर आली, म्हणजे बघायला कमी बायका येतील.

एवढं सगळं चालू होतं तरी अक्काचा आवाज मात्र होता तसाच होता. तिला वाटायचं, आपण हळूच बोलतोय. एका रविवारी मी तिथं होते. रघूचा कुठल्याशा सराव परीक्षेत बोजवारा उडाला होता, तो पुस्तकात डोकं घालून बसला होता, आणि अक्का मला दारातून तिच्या भाचीच्या लग्नाचं सांगत होती, हातात डाव तसाच. रघूनं मान वर न करता म्हटलं, "अम्मा, जरा हळू बोल ना. डोकं फुटतंय." रागावूनही नव्हे... थकून. कुठल्याही घरात कुठलंही पोरगं म्हणेल तसं. अक्का वाक्याच्या मधेच थांबली. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि लग्नाचं उरलेलं खुणांनी सांगितलं. मी तोंडावर पदर धरून हसत होते. फार गंमत वाटली होती मला.

त्या घरात मग खुणांची भाषाच तयार झाली. मूठ गालाशी नेली की जेवायला चला, अंगठा ओठाशी नेला की कॉफी, मनगटावर टिचकी म्हणजे ट्यूशनची वेळ. भाऊजीही शिकले. मी चेष्टा करायचे, तर ती कुजबुजायची, "दोनच वर्षं ग. मग बघ, बुरुजावर चढून ओरडतें." आणि सुरुवातीला तिला ते सोसायचंही नाही. आठवड्यातून एकदा ती बस धरून माझ्याकडे यायची, चपला काढता काढता म्हणायची, "तुझ्या घरीं जरा बोलूं दे मला," आणि तासभर मनसोक्त बोलायची, पहिल्यासारखं. माझे खालचे भाडेकरू वर येऊन बघून जायचे, भांडण तर नाही ना म्हणून. पुढेपुढे मात्र माझ्याकडे आली तरी तिचा आवाज खालच्या पट्टीतच राहायला लागला. मध्येच चमकून आतल्या खोलीकडे बघायची. मी म्हणायचे, अगं इथं कोण अभ्यास करतंय? ती ओशाळं हसायची आणि पुन्हा हळूच बोलायची.

गल्लीत तिचं कौतुक होऊ लागलं. आई असावी तर अशी, घरात टाचणी पडलेली ऐकू येते. मीही चारचौघांत सांगायचे, आमची अक्का म्हणजे काय विचारू नका. आज वाटतं, आमच्यापैकी एकीनं तरी तिला म्हणायला हवं होतं की बाई, पुरे आता. कौतुक झालं की माणूस ते काम सोडत नाही. तिनंही सोडलं नाही.

रिझल्ट लागला. मेडिकल हुकलं, पण चेन्नईला चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. मी पेढे घेऊन गेले ते मुद्दाम गल्लीच्या तोंडाशीच ऑटो सोडून, की आता हिचा आवाज इथपर्यंत येईल. गल्ली शांत होती. दार उघडून अक्का म्हणाली, "झालं ग एकदाचं," इतक्या हळू, की मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं. रघू सुट्टीत यायचा तो लॅपटॉप घेऊन. नोकरी लागल्यावर काही महिने घरूनच काम होतं, दार लावून मीटिंगा, अक्का पुन्हा खुणांवर. मग तो परत चेन्नईला गेला, त्याची खोली रिकामी झाली, तरी भाऊजी आणि ती दोघं आपापसात खुणांनीच बोलत. एकदा मी तिला सरळ म्हटलं, "अक्का, ओरड की आता, कोण आहे घरात?" तिनं खरंच प्रयत्न केला. गच्चीवर उभी राहून तोंड उघडलं... आणि मग मान हलवून म्हणाली, "येत नाहीं ग. कोणाला म्हणून ओरडूं?"

ती गेली ती मागच्या दारी, धुणं वाळत घालताना. भाऊजी पुढच्या ओट्यावर पेपर वाचत होते. बऱ्याच वेळानं कॉफी का आली नाही म्हणून आत गेले. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार, हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल. भाऊजींना ते पटत नाही. येईल त्याला ते एकच सांगत होते, "मारली असेल हाक. मला ऐकूं आली नाहीं." पूर्वीच्या अक्कानं नुसतं "अय्यो" म्हटलं असतं तरी अर्धी गल्ली धावत आली असती. हे सगळ्यांच्याच मनात आलं, आणि त्यांच्यासमोर कुणीही बोललं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मी मागं राहून रघूची खोली आवरत होते. तो दारात येऊन उभा राहिला. आता चांगला उंचापुरा झालाय, दाढी वाढलेली. म्हणाला, "काकी, तें मी म्हणालों म्हणून कां?" काय म्हणालास, असं मी विचारलं नाही. तो रविवार त्याच्याही लक्षात होता. मी म्हटलं, "तू एकदा म्हणालास, रघू. बाकीची वर्षं आम्ही सगळ्यांनी तिला शाबासकी दिली." तो कॉटवर बसला. मग म्हणाला, "मला अभ्यासच होईना, काकी, त्या शांततेंत. तिचा आवाज आला की बरं वाटायचं, अम्मा आहे घरांत. आवाज बंद झाला तर आहे कीं नाहीं कळायचं नाहीं. पाण्याला म्हणून मी सारखा उठून जायचों, ती दिसते कां बघायला."

हे ऐकलं आणि मला हातातली उशी खाली ठेवावी लागली. कारण त्याचं ते उठणं मला माहीत होतं. अक्कानंच सांगितलं होतं, अगदी काळजीनं. "पापम, बिचाऱ्याला किती तहान लागते ग. उठण्यांत वेळ जातो." म्हणून तिनं बाजारातून पाण्याचा पितळी कूजा आणला, झाकणावर पेला बसणारा, आणि रोज सकाळी भरून त्याच्या टेबलावर ठेवायला लागली. त्याला उठावं लागू नये म्हणून. मी रघूला हे सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. तो म्हणाला, "हो. मग जायला कारणच उरलं नाहीं." आणि मग तो रडला, आणि मीही.

थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला. चेन्नईला असताना अक्का त्याला बोलून निरोप पाठवायची, ते सगळे त्यानं ठेवलेत. एक लावला. आधी काहीच नाही, नुसती खरखर. मग तिची कुजबुज, त्याच्या ऑफिसात कुणाला त्रास होऊ नये अशी. "रघू, मीटिंगमधें आहेस कां रे? असलास तर मागून ऐक. नार्थंगाईचं लोणचं घातलंय. येतांना रिकामी बाटली आण. सरी, बरं... ठेवतें." आम्ही दोघं फोनवर वाकलो होतो, तरी मधले शब्द निसटत होते.

भाऊजी केव्हा आत आले कळलं नाही. ते रघूच्या खांद्यामागे उभे होते. "मोठं कर जरा," ते म्हणाले.

"एवढंच आहे, अप्पा," रघू म्हणाला. "पूर्ण वाढवलाय."

भाऊजींनी जाऊन पंखा बंद केला. खिडकी लावली. मग येऊन कॉटवर आमच्यामध्ये बसले, आणि रघूनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.