वन्संचा परिच्छेद

आमच्या वन्संइतकी चिवट बाई थेम्सच्या दोन्ही काठांवर आजवर झाली नसेल आणि पुढे झालीच, तर ती वन्संच्याच हाताखाली तयार झालेली असेल, हे मी त्यांची भावजय असूनही छातीठोकपणे सांगते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नागपुरात वकिली शिकल्या, पुढच्या शिक्षणासाठी लंडनला आल्या आणि तिथल्या एका संस्थेत चिकटल्या. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक किटली आणि पाच वकील. जगाचं हवामान बिघडतंय म्हणून सगळ्या देशांच्या ज्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालतात, तिथे मोठे देश वकिलांची फौज घेऊन येतात आणि लहान देशांकडे वकील सोडाच, सगळ्या खोल्यांत बसायला पुरेशी माणसंही नसतात. अशा देशांच्या शेजारी खुर्ची ओढून फुकट बसायचं, हे वन्संचं काम. त्यांच्या वाट्याला प्रशांत महासागरातलं एक चिमुकलं बेट आलं होतं, आणि त्या बेटाचा एक परिच्छेद. जमीन पाण्याखाली गेली तर तिथल्या माणसांचं काय, याबद्दलचा तो परिच्छेद कोणी ना कोणी दर वर्षी कराराच्या मसुद्यातून काढायला बघायचं आणि वन्सं दर वर्षी तो परत आत बसवायच्या. लंडनजवळ स्लाऊला आमच्या घरी त्या चार दिवस राहायला म्हणून आल्या होत्या. त्याला बघता बघता सात वर्षं झाली आणि वरची मागची खोली कायमची त्यांची झाली.

या वाटाघाटींची एक रीत आहे. जे शब्द सगळ्यांना मान्य नाहीत ते खोडायचे नाहीत. त्यांना चौकोनी कंस घालून ठेवायचं आणि सगळे हो म्हणेपर्यंत कंस काढायचे नाहीत. रीत चांगलीच असेल, पण वन्संनी ती आमच्या फ्रिजवर आणली. शनिवारच्या जेवणाचा बेत त्या गुरुवारी लिहून चिकटवत: 'शनिवारी दुपारी [भरली वांगी] [बटाट्याची भाजी], पोळ्या आणि [शक्य असल्यास] श्रीखंड.' माझ्या नवऱ्याला वांगं चालत नाही. लहानपणापासून चालत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, पण वन्संना ती एका पक्षाची तात्पुरती भूमिका वाटायची. सहा आठवडे वांगं कंसात राहिलं. सातव्या आठवड्यात नवरा टेकीला येऊन म्हणाला, "ताई, कर बाई तुझी वांगी." वन्संनी कंस खोडले, भरली वांगी केली आणि त्याच्या पानात वाढताना शांतपणे म्हणाल्या, "मी कुणाला हरवत नाही रे. मी नुसती थांबते." आमची लेक स्लाऊतच जन्मली, वाढली, तिचं मराठी आमच्या मराठीशी जरा फटकूनच वागतं. तिनेही एकदा फ्रिजवर लिहिलं, 'शनिवारी मला [दहा वाजेपर्यंत] बाहेर जायची आहे.' आत्याने व्याकरणाला हात न लावता शेजारी लिहिलं, 'नऊ. पुढच्या बैठकीत फेरविचार.' तो फेरविचार व्हायला मुलीची परीक्षा उजाडली.

ज्यांनी पिढ्यान् पिढ्या धूर सोडला त्यांनी आधी आणि जास्त आवरायचं, बाकीच्यांनी आपापल्या कुवतीने हातभार लावायचा, हेही तिथलं एक तत्त्व. मला ते पहिल्या फटक्यात पटलं, कारण वन्संनी ते भांड्यांना लावलं. नवरा हाडांचा सर्जन. दिवसभर लोकांचे गुडघे बदलून आलेला माणूस सोफ्यावर पाय पसरून बसला होता. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "नागपूरला लहानाचा मोठा झालास, पण एक वाटी कधी विसळली नाहीस. तेव्हा कढया आणि कुकर तुझे. हिच्याकडे कपबश्या."

"अगं ताई, आईच घासू द्यायची नाही. मला काय कळत होतं तेव्हा?"

"आम्हाला काय कळत होतं, असंच तेही म्हणतात," वन्सं म्हणाल्या. 'ते' म्हणजे नेमके कोणते देश, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. तो उठला आणि कढई घासू लागला. मी त्या दिवसापासून नणंदेच्या पक्षात गेले ते आजतागायत.

पण वन्संचं खरं बळ बसून राहण्यात. आमच्या कोपऱ्यावरचा बसचा थांबा काढायचा घाट घातला गेला, तेव्हा रहिवाशांचं म्हणणं ऐकायला कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, सभा ठेवली. नकाशा होता, बिस्किटं होती. आम्ही सगळ्यांनी तावातावाने आपलं म्हणणं मांडलं, चहा प्यायला आणि घरी आलो. वन्सं बसल्या. सभा संपली, खुर्च्या एकावर एक रचल्या गेल्या, त्यांच्याखालची तेवढी उरली. कौन्सिलचा माणूस कोट घालून म्हणाला, "मॅडम, आम्ही निघतोय आता." वन्सं म्हणाल्या, "निघा की. फक्त त्याआधी इतिवृत्तात काय लिहिलंत ते वाचून दाखवा." त्याने कोट काढला. 'काही रहिवाशांनी चिंता व्यक्त केली' असं जे होतं, ते तासाभरात 'रहिवाशांचा विरोध आहे' असं झालं आणि पलीकडच्या गल्लीतल्या गुडघे धरलेल्या आजींना तो थांबा का लागतो, हीसुद्धा ओळ आत आली. थांबा अजून जागेवर आहे. तिथे बसची वाट बघत उभ्या राहणाऱ्या कुणाला हे ठाऊक नाही आणि ठाऊक व्हावं अशी वन्संची अपेक्षाही नाही.

जिथे रेल्वे जाते तिथे विमानाने जायचं नाही, असा त्यांचा नेम. वर्षातून दोनदा जर्मनीतल्या बैठकांना त्या स्लाऊहून गाड्या बदलत बदलत जायच्या. सोबत शाल, थर्मास, हरतऱ्हेच्या भोकांत बसणारे प्लग आणि डबाभर दशम्या. एकदा खोलीत बसलं की जेवायला उठायची सोय नाही, कारण आपण उठलो की आपलं वाक्य उडतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दशम्या मिळत. युरोपातल्या एका बड्या देशाचा प्रतिनिधी कायम परिच्छेदाच्या विरोधात होता, पण दशमीच्या मात्र पूर्ण बाजूने होता. लांबच्या देशात बैठक असली की मात्र विमान टाळता यायचं नाही. तिथून आल्यावर वन्सं प्रायश्चित्त घेत. महिनोन् महिने खोलीतलं हीटिंग बंद, अंगात दोन स्वेटर आणि डोक्यावर भावाची जुनी माकडटोपी. मी जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर आहे, रोज सकाळी दवाखान्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना ऊबेत राहा म्हणून बजावते. घरी आल्यावर माझ्या तोंडावर माकडटोपीतून वाफ सोडत वन्सं विचारायच्या, "काय गं, आज थंडी आहे का बाहेर?"

त्या बेटाच्या शिष्टमंडळात दोन माणसं. एक वन्सं आणि दुसरे तिथले एक निवृत्त हेडमास्तर. परतीचं विमान धरण्याआधी ते एकदा आमच्याकडे जेवायला आले. उंच, सावळे, फार हळू बोलणारे. मी बांगड्याचं कालवण केलं होतं. त्यांनी काटा-चमचा बाजूला ठेवून हाताने जेवायला सुरुवात केली आणि आमच्या घरातला परकेपणा संपला. जेवण झाल्यावर बागेत गेले, माझ्या बटाट्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि चिमूटभर माती त्यांनी चक्क जिभेवर ठेवली. "छान आहे," ते म्हणाले. "आमची आता खारट लागते. शाळेमागची बाग मी तेलाच्या रिकाम्या पिंपांत उचलून घेतली. लहान मुलांना वाटतं, भाजी पिंपातच उगवते." ते हसले. मला हसता आलं नाही. डोक्यावरून विमानं जात होती आणि मी त्यांना उगाचच बटाट्याची जात कोणती ते सांगत बसले.

मग तो डिसेंबर आला. या वेळी करार होणारच, असं टीव्हीवर रोज सांगत होते. वन्संनी तीन दिवस आधीपासून दशम्या केल्या आणि बर्फातून रेल्वेने युरोपच्या उत्तरेला, बैठकीच्या शहरात गेल्या. पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता. "अगं, दशमीवाला 'बघू' म्हणालाय. त्याच्या तोंडून एवढं यायला सात वर्षं लागली." आम्ही तिघं त्या एका 'बघू'वर आठवडाभर खूश होतो. शेवटी मोठ्या देशांचे प्रमुख आले, वेगळ्याच खोलीत बसले आणि त्यांनी नवाच छोटा कागद लिहिला. जुना मसुदा सगळ्या कंसांसकट बाजूला पडला. वन्सं आपल्या खोलीतून शेवटपर्यंत उठल्या नव्हत्या, पण आता त्या खोलीत काही ठरायचंच नव्हतं.

पुढचं त्यांनी आम्हाला परत आल्यावर जेवणाच्या टेबलाशी सांगितलं. शेवटच्या सकाळी लहान देशांना बोलायला दोन दोन मिनिटं दिली. वन्संनी हेडमास्तरांना भाषण लिहून दिलं होतं. ते उभे राहिले, त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि समोर बघत परिच्छेद म्हणून दाखवला. सगळा, तोंडपाठ, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग बसले. तिथे एखादा देश जे उघड बोलतो ते नोंदीत जातं, त्याला नंतर कुणी कात्री लावू शकत नाही. "करारात नाही राहिला," वन्सं म्हणाल्या, "पण नोंदीत आहे." मी विचारलं, जेवायला काय करू? "काहीही कर गं," त्या म्हणाल्या. सात वर्षांत हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं आणि घाबरले. दुसऱ्या दिवशी नवरा स्वतःहून बाजारातून वांगी घेऊन आला, समोर बसून मुकाट्याने खाल्लीन्. वन्संच्या ते लक्षातही आलं नाही. दोन दिवस त्या खिडकीशी बसून होत्या, फ्रिजवर कागद नव्हता, आणि मला ते बघून फार वाईट वाटत होतं.

नव्या वर्षात हेडमास्तरांचं पत्र आलं. हृदयाने दगा दिला होता, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. यापुढे येता येणार नाही, माझ्या जागी कोण ते सरकार ठरवेल, आपण मात्र चालू ठेवावं, असं लिहिलं होतं. वन्संनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि वर निघून गेल्या. वरून टाइप केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक कागद घेऊन स्वयंपाकघरात माझ्यासमोर आल्या.

"हे पाठ कर."

"मी? वन्सं, माझं पाठांतर शाळेतच संपलं."

"औषधांची नावं पाठ आहेत ना? मग हेही होईल. मसुदे बदलतात गं. पण हेडमास्तरांच्या डोक्यात होतं ते कुणाला बदलता आलं नाही. आता ते येणार नाहीत. माझी साठी आली. मला हे आणखी एका माणसाच्या डोक्यात हवंय."

मी हात पुसून कागद घेतला. सात वर्षं मी या परिच्छेदाची चेष्टा केली होती, दशम्या बांधून दिल्या होत्या, त्याच्यासाठी आलेल्या माणसाला कालवण वाढलं होतं, पण तो कधी वाचला नव्हता. चारच वाक्यं होती, साध्या इंग्रजीत. ज्यांची जमीन समुद्र घेईल ते लोक जमीन गेली तरी राष्ट्र म्हणून राहतील. त्यांचं नाव आणि बोलण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहील. कुठे जायचं ते तेच ठरवतील आणि जिथे जातील तिथे त्यांना शेजाऱ्याचा मान मिळेल. आणि ही वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून बाकीचे सगळे आपला वाटा उचलतील. आम्हीही परक्या देशात येऊन राहिलेली माणसं. पण आमचं नागपूर जागेवर आहे. हवं तेव्हा तिकीट काढून जाता येतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही, आणि वन्संनीही समजूत घातली नाही. त्या टेबलाशी बसून राहिल्या आणि मी पहिलं वाक्य पाठ म्हणून दाखवेपर्यंत उठल्या नाहीत. चारही वाक्यं यायला मला आठवडा लागला.

वन्सं आता पुन्हा बैठकांना जातात. त्या नसल्या की घर अवघडून बसल्यासारखं वाटतं. त्यांची मला इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं. तिथल्या मधल्या सुट्टीत त्यांचा फोन येतो. मागे माणसांचा, खुर्च्यांचा आवाज असतो. "म्हण," एवढंच बोलतात. मी गॅस बारीक करते आणि पिठाच्या हाताने फोन धरून चारही वाक्यं म्हणते. पलीकडे त्या एकेक शब्द ऐकत असतात, मध्ये बोलत नाहीत. संपल्यावर "बरोबर," म्हणतात, आणि परत आत जाऊन बसतात.