पळसाचं पहिलं फूल आणि पहिली बोंब

होळीपुढं पहिली बोंब मारायचा मान तुमच्या गावात कुणाला असतो? केंदूरजवळच्या आमच्या वाडीत तो पळसाचं पहिलं फूल आणणाऱ्या पोराला असायचा.

मी चौथीत होते. वनखात्याच्या रानात सगळे पळस अजून उघडेबोडकेच होते, फक्त एका फांदीला केशरी फूल आलं होतं. ते मुठीत धरून मी आप्पांकडं पळाले; दरवर्षी होळी तेच पेटवायचे.

"पोरी बोंब मारत न्हाईत," आप्पा म्हणाले.

मी वडिलांची समतेच्या चळवळीची पत्रकं वाचून वाढलेली. "आप्पा, मान फुलाला हाय का पोराला?"

आप्पांनी फूल उलटंसुलटं करून पाहिलं. "मार बाई. पन अशी मार, की पल्याडच्या वस्तीला कळंल."

होळीच्या रात्री मी तोंडावर हात आपटून अशी बोंब ठोकली, की कुत्री उसात घुसली. मग सगळ्या पोरी सुटल्या. त्यांच्यामागून, एका हातानं नैवेद्याचं ताट सावरत, आमच्या आयाही. पोरांची बोंब कुणाला ऐकूच आली नाही.

यंदा पळस फुलला की पोरींना रानात धाडा, आणि हा मान मागायला त्यांच्यासोबत उभे राहा.