म्हैस न्यायची राहिली

क्रूझवर जायचं हे माझं डोकं. लेक दीड वर्षाची झाली तरी ती माझ्या वाट्याला नीट आलीच नव्हती. आम्ही दोघंही नोकरीला. सकाळी मी निघायचे तेव्हा ती झोपलेली, आणि मग दिवसभर मामांच्या खांद्यावर. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. मूळचे मुरगूडचे, आवाज शिवारात कमावलेला, त्यामुळं ते घरात बोलले तरी गल्लीला ऐकू जातं. पोरीचा पहिला शब्द ‘आबा’, म्हणजे तेच. दुसरा ‘म्हस’. माझा नंबर त्यानंतर लागला, आणि हे मी अजून विसरलेले नाही.

म्हशीचं कारण दूधकट्टा. कोल्हापुरात संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी येऊन उभ्या राहतात, डोळ्यांसमोर धार काढतात आणि माणसं तिथंच फेसाळ दूध पितात. मामा नातीला रोज तिथं न्यायचे. डॉक्टरांनी पोरीला कच्चं दूध बंद केलं, तरी मामांचा कट्टा काही बंद झाला नाही. घरचं उकळलेलं दूध थर्मासात भरून ते कट्ट्यावर न्यायचे आणि म्हशीसमोर उभं राहून पितळी पेल्यातून तिला पाजायचे. दूधकट्ट्यावर घरून दूध घेऊन येणारा अख्ख्या कोल्हापुरातला हा एकच माणूस. ऑफिस सुटलं की मी स्कूटरवरून त्याच वाटेनं यायचे आणि दोघांना घेऊन घरी जायचे. पेला तोवर रिकामा झालेला असायचा. माझ्या वाट्याला फक्त तिच्या ओठावरची दुधाची मिशी पुसायचं काम.

तेव्हा मी ठरवलं, की थोडे दिवस आबा नकोत आणि म्हशीही नकोत. अशी जागा एकच सुचली, समुद्र.

मामांना मी चला म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “जावा की. पर पोरगी दूध प्यायची न्हाय तितं.”

“का नाही पिणार? मी आहे की.”

“बघशील,” म्हणाले, आणि पितळी पेला माझ्या पर्समध्ये कोंबला.

बोट म्हणजे पाण्यावरचं मंगल कार्यालय. जेवण कायम मांडलेलं, गाणी कायम मोठ्यानं, आणि कोण कुठल्या बाजूचं ते कुणालाच माहीत नाही. मुंबई मागं पडली. मी लेकीला मांडीवर घेतलं, पेला तोंडाला लावला आणि लाडीगोडीनं म्हटलं, “पी गं माझी राणी.” राणीनं पेल्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि तोंड घट्ट मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. केळ्याचा एक तुकडा खाल्ला, वरणभात थुंकला. मला वाटलं, हिला फेस पाहिजे. मग मी जेवणाच्या हॉलमध्ये एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात उंचावरून दूध ओतायला लागले. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एका काकांनी व्हिडिओ काढला आणि पुढचा खेळ किती वाजता म्हणून विचारलं. फेस झकास आला. पोरीनं त्यात बोट घालून ते काकांच्या शर्टाला पुसलं.

दुपारी नवऱ्याला म्हैस केलं. तो केबिनमध्ये अंगावर चादर घेऊन गुडघ्यांवर उभा राहिला आणि जीव तोडून हंबरला. त्याच वेळी टॉवेल द्यायला आलेल्या माणसानं दार ढकललं, आत बघितलं आणि हळूच ओढून घेतलं. नंतर आमचे टॉवेल बाहेरच्या कडीलाच लटकलेले मिळू लागले. पोरगी मात्र खूश. बापाची पाठ थोपटून म्हणाली, “म्हस.” पण दूध घेतलं नाही.

“उद्या गोव्यात उतरूया आन गाडी करून घरला जाऊया,” नवरा चादरीतूनच म्हणाला. “पोरगी उपाशी हाय गं.”

मला रडूच आलं. ही पोरगी माझ्याजवळ राहून उपाशी राहते आणि आबांजवळ पेला रिकामा करते, याचा अर्थ काय घ्यायचा? संध्याकाळी मी मुकाट्यानं बोटीवरचं इंटरनेट घेतलं आणि मामांना फोन लावला. मागून म्हशीचा आवाज आला. नात नसताना हा माणूस कट्ट्यावर उभा होता.

“मामा, ती पीत नाही.”

“म्हस दाखवली?”

“तुमच्या मुलालाच केलं.”

ते हसले, तसा केबिनचा आरसा थरथरल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, “तू कुठं बसलीयास?”

“तिच्यासमोरच की. मांडीवर घेऊन.”

“तितंच चुकतंया बघ. तू जवळ असल्यावर ती दूध कशाला पील? आगं, म्हशीचा काय बी संबंध न्हाय. पेला संपला की आई येती, असं म्हनतो मी तिला रोज. रस्त्याकडं बघत गटागटा पिती. तुझा हॉर्न वाजला की माझ्याकडं ढुंकून बघत न्हाय.”

इतके दिवस मी त्या पितळी पेल्यावर जळत होते.

“ऐकतीयास न्हवं?” मामा ओरडले. “भाईर जा आन परत ये.”

मी केबिनबाहेर कॉरिडॉरच्या पार टोकाला गेले. आतून नवऱ्याचा आवाज आला, “आई येतीया हं, संपव.” मी हवेत स्कूटरचं हँडल धरलं, मान खाली घातली आणि पीं पीं करत निघाले. टॉवेलवाला समोरून येत होता. तो बिचारा भिंतीला चिकटला आणि मला वाट दिली.

दारात लेक उभी होती. ओठावर पांढरी मिशी, दोन्ही हात वर. “आई,” म्हणाली, आणि माझ्या पायाला मिठी मारली.

गोव्यात आम्ही घरी जायला उतरलो नाही. पण ते दुसऱ्या दिवशीचं; त्या संध्याकाळी पेल्यात घोटभर दूध अजून शिल्लक होतं, म्हणून मी मिठी सोडवली आणि पुन्हा बाहेर गेले.